मॅडम म्हणाल्या म्हणून

तीर्थपुरीच्या तातेराव खरात वकिलांना कुणी विचारलं, की प्रॅक्टिस कशी चाललीय, तर ते म्हणत, "जीपनं चाललीय." ऐकणारा हसायचा, पण त्यात थट्टा थोडी आणि खरं जास्त होतं. सनद मिळाली तेव्हापासून घनसावंगीच्या कोर्टात ते एसटीनं नाहीतर काळीपिवळी जीपनं जात आले. मुलगा पुण्यात नोकरीला लागला, तेव्हा त्यानं चारचाकी घेऊन देतो म्हटलं होतं. त्यांनी नको म्हणून सांगितलं. जीपमध्ये आपला पक्षकार असतो, साक्षीदार असतो, कधीकधी समोरचा पक्षकारही मांडीला मांडी लावून बसलेला असतो. कोर्टात शपथ घालूनही जे बाहेर येत नाही ते जीपमध्ये न विचारता कळतं, असा त्यांचा अनुभव होता.

त्यांचे वडील एका जिनिंगमध्ये कापसाच्या गाठी उचलायचे. गावातल्या हॉटेलात वडिलांचा कप वेगळा होता, तो बाहेर कुडाला अडकवलेला असे आणि चहा पिऊन झाल्यावर त्यांनी तो स्वतः विसळून परत तिथंच अडकवायचा, हे तातेरावांनी लहानपणी पाहिलं होतं. पुढं औरंगाबादला नागसेनवनात राहून ते शिकले, वकील झाले. बरोबरीचे काही खंडपीठात गेले, एकजण न्यायाधीश झाला. तातेराव गावी परत आले, कारण आई गाव सोडायला तयार नव्हती. आई गेल्यावरही ते गेले नाहीत. तोवर तालुक्याच्या कोर्टाची सवय लागली होती.

साठी ओलांडल्यावर त्यांना आणखी एक सवय लागली. सकाळी चहा घेता घेता मोबाइलवर चार ओळी लिहायच्या आणि ओळखीच्या लोकांना पाठवायच्या. विषय कुठलाही असे. कोर्टातला पंखा, कांद्याचा भाव, निवडणुकीतली भाषणं, आदल्या दिवशीचा एखादा साक्षीदार. फौजदारी कायदे बदलले आणि सगळ्या कलमांचे नंबर नवे झाले, तेव्हा त्यांनी लिहिलं होतं, की चारशेवीसला आता तीनशे अठरा म्हणायचं असं सरकारनं ठरवलंय, पण फसवणाऱ्याला "हा माणूस तीनशे अठरा आहे" असं आपल्या बाजारात कुणी म्हणेल असं वाटत नाही. हे लोकांना फार आवडलं. एकदा एका म्हाताऱ्या साक्षीदाराविषयी लिहिलं. त्याला शपथ दिली, खरं सांगणार का विचारलं, तर तो म्हणाला, आधी घरी विचारून येतो.

त्यांची पत्नी मीना जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेल्या. लिहिलेलं पाठवायच्या आधी त्या वाचत, ऱ्हस्वदीर्घ सुधारत आणि एखादं वाक्य खोडायला लावत. खोडायला लावलेलं वाक्य बहुतेक वेळा तातेरावांचं आवडतं असे. तरी ते खोडत.

याच सुमाराला आरक्षणाच्या आंदोलनाची वर्षं आली. त्या काळात जिल्ह्यात जे झालं ते सगळ्या राज्यानं टीव्हीवर बघितलं, पण टीव्हीवर न दिसणारं बरंच गावात झालं. मराठ्यांची पोरं एका पानटपरीवर जायची, ओबीसीतली दुसऱ्या. लग्नाच्या पत्रिका वाटताना काही घरं गळाली. कुणाकडून खत घ्यायचं, कुणाकडं दाढी करायची, याचाही विचार होऊ लागला. मोठी भांडणं नव्हती. पण लोक बोलायच्या आधी आजूबाजूला कोण बसलंय ते बघून घेऊ लागले, आणि ही गोष्ट तातेरावांना भांडणापेक्षा जास्त लागली. जीपमध्येसुद्धा शांतता असायची.

बाजारपेठेत माऊली तौर आणि भारत राऊत यांची दुकानं शेजारी होती. माऊलीचं खतबियाणांचं दुकान, भारतचं वेल्डिंगचं. भारत तरुणपणी जालन्याच्या एमआयडीसीत एका रोलिंग मिलमध्ये कामाला होता, तिथं हात तयार करून त्यानं गावात स्वतःचं काम टाकलं. माऊली मराठा, भारत माळी. आजवर हे सांगायची कुणाला गरज पडली नव्हती. माऊलीच्या दुकानात शेतकरी आला, की त्याच्या नांगराचं काम भारतकडं जायचं आणि भारतकडं नांगर घेऊन आलेला माणूस जाताना माऊलीकडून खत घेऊन जायचा. दुपारचा डबा दोघं एकत्र खायचे.

एका बाजारच्या दिवशी भारतच्या पुतण्यानं मोबाइलवर एक स्टेटस ठेवलं. कुणा पुढाऱ्याचा फोटो आणि खाली एक टोचणारी ओळ. माऊलीचा मुलगा प्रितम आणि त्याच्या दोस्तांनी त्याला दुकानासमोर अडवलं. शिवीगाळ झाली, कॉलरी धरल्या गेल्या. भारत हातातलं काम टाकून धावत आला, पण हातातला गज टाकायचा राहिला. गज कुणाला लागला नाही. सोडवायला माऊली आला, तो धक्काबुक्कीत पडला आणि त्याच्या कपाळाला खोक पडली. भारतची मुलगी साक्षी बापाला डबा द्यायला आली होती. ती मध्ये पडली. संध्याकाळपर्यंत पोलीस ठाण्यात एकमेकांविरुद्ध दोन फिर्यादी दाखल झाल्या. रस्ता अडवणं, मारहाण, शिवीगाळ, धमकी. माऊलीच्या फिर्यादीत भारत, त्याचा पुतण्या आणि साक्षी. भारतच्या फिर्यादीत माऊली, प्रितम आणि त्याचे दोस्त. दोन्ही फिर्यादी लिहून द्यायला दोन्हीकडचे पुढारी ठाण्यात हजर होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी माऊली कपाळाला पट्टी लावून तातेरावांच्या ओट्यावर आला. त्याच्या वडिलांच्या जमिनीचा दावा तातेरावांनीच चालवला होता. त्यांनी वकीलपत्रावर सही घेतली. दुपारी जेवून ते जरा आडवे झाले होते, तोच भारत आला. बाहेर चप्पल काढली, खुर्चीवर न बसता पायरीवर बसला.

तातेरावांनी त्याला सांगितलं, की आता आपल्याला त्याचं काम घेता येणार नाही. एका प्रकरणात दोन्हीकडून एक वकील उभा राहू शकत नाही, हे भारतलाही माहीत होतं. तरी तो उठला नाही.

"सकाळी आलो असतो तर माझं घेतलं असतं?" त्यानं विचारलं.

"घेतलं असतं."

"म्हंजे जो जल्दी आला त्याचा वकील."

तातेरावांकडं याला उत्तर होतं, कायद्याचं होतं आणि बरोबरही होतं. पण ते द्यावंसं वाटलं नाही. त्यांनी घनसावंगीच्या राजनंदिनी शिंदे या तरुण वकिलाचं नाव त्याला दिलं. मुलगी हुशार आहे, खोटा दिलासा देत नाही, असं सांगितलं. भारत उठला, पाणी घेतलं नाही.

तो गेल्यावर मीनाबाई म्हणाल्या, की दोघंही तुमच्याकडंच आले, यात तुमची इज्जतच आहे. पण त्या दिवशी त्यांच्या डोक्यात एक विचार घर करून राहिला. दोन्ही बाजूंना आपण मधले वाटतो ते आपल्या मोठेपणामुळं नाही. आपण कधी कुणाच्या पंगतीत नव्हतो म्हणून वाटतो. ज्या गावानं बापाचा कप बाहेर अडकवला, त्याच गावाची दोन टोकं आज आपल्या ओट्यावर येऊन बसतात. यात त्यांना समाधान वाटावं, हे एखाद्या पुस्तकात ठीक होतं. त्यांना फक्त दमल्यासारखं वाटलं.

त्या दमलेपणातच त्यांनी दुसऱ्या दिवशी सकाळी लिहिलं. नाव कुणाचं घेतलं नाही. दोन शेजारी दुकानदार, इतकंच. शेवटी लिहिलं, "पहिला हात कुणी उचलला हे कोर्ट ठरवील. पण पहिला शब्द कुणाचा होता हे आपल्याला सगळ्यांना माहीत आहे. तो आपल्या खिशातल्या मोबाइलचा होता." मीनाबाई बहिणीकडं अंबडला गेल्या होत्या. त्यांना न दाखवताच तातेरावांनी ते पाठवून दिलं.

दुपारपर्यंत त्या चार ओळींची दोन कात्रणं गावात फिरत होती. कुणीतरी मोबाइलवरच्या मजकुराचा फोटो काढून फक्त मधलं वाक्य ठेवलं होतं, "पहिला शब्द कुणाचा होता हे आपल्याला सगळ्यांना माहीत आहे." एका बाजूच्या पोरांनी खाली लिहिलं, वकील पण मान्य करतात, सुरुवात त्यांच्या स्टेटसनंच झाली. दुसऱ्या बाजूच्या पोरांनी तेच वाक्य घेऊन लिहिलं, शिव्या आधी कुणी दिल्या ते वकिलानंच सांगितलं. एकच वाक्य दोन्हीकडं दगडासारखं वापरलं गेलं.

संध्याकाळी माऊली आला. तो आवाज चढवून बोलणारा माणूस नव्हता, त्या दिवशीही बोलला नाही. "वकीलसाहेब, तुम्ही माझं वकीलपत्र घेतलं अन् माझ्याच पोराच्या नावानं बोंब मारली," एवढंच म्हणाला. तातेरावांनी मजकूर पूर्ण वाचून दाखवला. माऊलीनं ऐकून घेतलं आणि म्हणाला, हे मला समजलं, पण लोकं पूर्ण कुठं वाचतात?

दोन दिवसांनी कोर्टात वकिलांच्या खोलीत राजनंदिनी त्यांच्याजवळ येऊन बसली. तिनं भारतचं वकीलपत्र घेतलं होतं. वयानं ती त्यांच्या मुलीसारखी, बोलायला अडखळत होती. शेवटी तिनं म्हटलं, "सर, चालू प्रकरणावर आपण लिहायला नको होतं." तातेरावांनी लगेच मान हलवली. हे वाक्य ते स्वतः किती जणांना सांगत आले होते. त्यांनी मजकूर पुसला, माऊलीच्या दुकानात जाऊन गिऱ्हाइकांसमोर त्याची माफी मागितली. भारतची माफी मात्र थेट मागता येत नव्हती, तो समोरचा पक्षकार होता. म्हणून ती राजनंदिनीमार्फत मागितली. भारतनं काय उत्तर दिलं ते तिनं सांगितलं नाही आणि तातेरावांनी विचारलं नाही.

पुढचे कितीतरी महिने त्यांनी लिहिलं नाही. सकाळचा चहा झाला, की ते नुसते बसून असत. लोक जीपमध्ये विचारायचे, वकीलसाहेब, आता काही येत न्हाई तुमचं. ते म्हणायचे, नवीन कलमं पाठ करून राह्यलो.

दोषारोपपत्र आलं, तारखा सुरू झाल्या. तारखेला दोन्ही कुटुंबं वेगवेगळ्या जीपनं येत आणि कोर्टाच्या आवारातल्या एकाच लिंबाखाली, पण तोंडं दोन दिशांना करून बसत. भारतच्या दुकानासमोर पूर्वीसारखी नांगरांची रांग नसे. माऊलीकडंही गिऱ्हाईक कमी झालं होतं, पण खत सगळ्यांनाच लागतं, त्यामुळं त्याचं तेवढं जाणवत नव्हतं.

एका तारखेला तातेरावांनी साक्षीला बघितलं. ती लिंबाखाली बसून पोलीस भरतीचं पुस्तक वाचत होती. पुकारा झाला, की पुस्तक पिशवीत टाकायची, आरोपीच्या पिंजऱ्यात जाऊन उभी राहायची, परत येऊन पुन्हा पुस्तक उघडायची. त्यांनी राजनंदिनीला विचारलं, तेव्हा कळलं, की मैदानी चाचणी ती चांगल्या गुणांनी पास झालीय आणि लेखी परीक्षा तोंडावर आलीय. निवड झालीच तर पुढं चारित्र्याची पडताळणी होते. कोर्टात प्रकरण चालू असलेल्या मुलीला पोलीस खात्यात घेताना कुणीही दहादा विचार करणार. प्रितमच्या दोस्तांपैकीही एकजण सैन्यात जायच्या खटपटीत होता, त्याचंही तेच होणार होतं.

त्या दिवशी परतताना तातेराव माऊलीच्या दुकानात गेले. मागच्या बाजूला खताच्या पोत्यांवर दोघं बसले. तातेरावांनी विषय काढला, की ही सगळी कलमं तडजोड होण्याजोगी आहेत, दोन्ही बाजूंनी ठरवलं तर एका दिवसात मिटेल. माऊली बराच वेळ पोत्याची शिवण नखानं उसवत राहिला.

"मला काय हौस हाय का, वकीलसाहेब? भारतच्या घरचं मी जितकं खाल्लं तितकं माझ्या भावाच्या घरचं न्हाई खाल्लं. पण आज मी माघार घेतली तर आमचेच लोक म्हणतील, माऊली फुटला. त्याहीनं फिर्याद लिहायला मदत केली, ठाण्यात बसून राह्यले माझ्यासाठी. उद्या त्याहीला काय तोंड दाखवू?"

"आणि भारतचं काय म्हणणं असंल?"

"त्याचं बी हेच असंल," माऊली म्हणाला. "त्याला बी त्याचे लोक हायतच ना."

तातेरावांनी दुसऱ्या दिवशी राजनंदिनीला गाठलं. तिनंही भारतशी आधीच बोलून पाहिलं होतं. भारतनं तिला सांगितलं होतं, की मी आधी गेलो तर आमचे म्हणतील, पोरीच्या नोकरीसाठी यानं समाज विकला. साक्षीनंही बापाला सांगितलं होतं, माझ्यासाठी झुकू नका. पण ते सांगताना तिचा आवाज कसा होता, ते राजनंदिनीनं ऐकलं होतं.

दोघं वकील चहाचे ग्लास हातात घेऊन खिडकीपाशी उभे होते. तातेरावांना वाटलं, आपण इतकी वर्षं या इमारतीकडं चुकीच्या बाजूनं बघत होतो. लोक कोर्टात भांडायला येतात असं आपण म्हणतो. काहीजण येतात खरे. पण कितीतरी माणसं भांडण थांबवायला एखादं निमित्त मिळतंय का, ते बघायला येत असतात. त्यांना एकमेकांची भीती नसते, स्वतःच्या माणसांची असते. मारहाणीच्या कलमांना नवे नंबर मिळाले, पण या भीतीला जुन्या कायद्यातही कलम नव्हतं, नव्यातही नाही.

"राजनंदिनी, आपण दोघांनी मिळून न्यायाधीश मॅडमना अर्ज देऊ. येत्या लोकअदालतीत ही दोन्ही प्रकरणं ठेवा म्हणून. नोटीस कोर्टाची जाईल. मग कुणीच आधी गेलं असं होणार नाही."

तिनं ग्लास खिडकीत ठेवला. "बोलावलं तर ते येतील, सर. पण सही करतील का?"

"ते मला माहीत नाही," तातेराव म्हणाले. आणि खरंच त्यांना माहीत नव्हतं.

नोटिसा गेल्या. लोकअदालतीच्या दिवशी कोर्टात पाय ठेवायला जागा नव्हती. बँकेची, विजेच्या बिलांची, नवराबायकोची प्रकरणं. माऊलीबरोबर गावातली सात-आठ माणसं आली होती, भारतबरोबरही तितकीच. ती सगळी दाराशी गर्दी करून उभी राहिली. आत टेबलामागं न्यायाधीश मॅडम बसल्या होत्या. वयानं चाळिशीच्या आतल्या, विदर्भातून बदली होऊन आलेल्या, बोलायला मोजक्या. त्यांनी दोन्ही फाईली चाळल्या आणि चष्मा काढून दोघांकडं पाहिलं.

"किती वर्षं शेजारी आहात?"

भारत म्हणाला, "माझ्या लग्नाच्या आधीपासून, मॅडम."

"न्हाई, न्हाई," माऊलीच्या तोंडून आपोआप गेलं. "लग्नानंतर. लग्नाच्या टायमाला तू जालन्यातच होता. वरातीला मी जालन्याहून टेम्पो आणला होता तुझ्यासाठी."

"टेम्पो तू आणला, पण जागा आधी घेतली होती मी. शटर नंतर बसवलं."

"शटर माझ्याच माणसानं बसवलं की."

मॅडमनी दोघांना थांबवलं नाही. ते दोघं मिनिटभर शटरवरून वाद घालत राहिले, आणि दाराशी उभी असलेली माणसं ऐकत राहिली. मग दोघांच्याही लक्षात आलं, की आपण किती महिन्यांनी एकमेकांशी बोललो. दोघंही एकदम थांबले. माऊली खाली बघू लागला.

मॅडमनी प्रितम आणि साक्षीला पुढं बोलावलं. साक्षीला विचारलं, मध्ये का पडलीस? ती म्हणाली, बापाच्या हातात गज होता, तो कुणाला लागू नये म्हणून. प्रितमला विचारलं, हिनं तुला ढकललं असं फिर्यादीत लिहिलंय, खरं का? प्रितमनं दाराकडं पाहिलं. त्याचे दोस्त तिथंच उभे होते. तातेरावांना वाटलं, आता हा पोरगा ठरलेलं बोलणार, आणि त्यांनी डोळे मिटून घेतले.

"साक्षीताई सोडवायला आल्ती," प्रितम म्हणाला. "तिनं मला ढकललं न्हाई. माझाच धक्का तिला लागला. ते ठाण्यात लिहिताना कुणीतरी म्हणलं, तिचं पण नाव टाका. मी गप बसलो."

दाराशी कुजबूज झाली. मॅडमनी मान वर केली आणि आतापर्यंत हळू बोलणाऱ्या त्या बाईंचा आवाज पहिल्यांदा बाहेरपर्यंत गेला. त्या म्हणाल्या, की तडजोड करायची की नाही हे तुम्हीच ठरवायचं आहे, कोर्ट कुणावर जबरदस्ती करत नाही. पण या मुलांची वयं कोर्टाच्या आवारात जाणार असतील, तर त्याला कोण जबाबदार, तेही आत्ताच सांगा. मला उत्तर पाहिजे. त्या आवाजात राग होता, पण बघणाऱ्या तातेरावांना तो राग कुणासाठी मोठा केलेला आहे ते कळलं. तो समोर उभ्या असलेल्या माणसांपेक्षा दाराशी उभ्या असलेल्यांसाठी होता. दोन्ही वकिलांनी तडजोडीचे कागद पुढं सरकवले.

भारतनं आधी पेन उचललं की माऊलीनं, हे तातेरावांनी बघितलं नाही. मुद्दाम बघितलं नाही.

बाहेर लिंबाखाली माऊलीला त्याच्या माणसांनी घेरलं. कुणीतरी विचारलं, काहो, केली का सही? माऊली म्हणाला, "मॅडम म्हणाल्या म्हणून केली. त्यांच्यापुढं आपलं काय चालतं?" थोड्या अंतरावर भारतही त्याच्या माणसांना जवळजवळ तेच सांगत होता, की मॅडमनी ऐकूनच घेतलं नाही. दोन्हीकडच्या माणसांनी माना डोलावल्या. सरकारी माणसापुढं कुणाचं चालत नाही हे सगळ्यांनाच पटत होतं, आणि ते पटल्यावर पुढं विचारण्यासारखं काही उरलं नाही.

साक्षी तातेरावांकडं आली. आता ती समोरच्या बाजूची आरोपी नव्हती, त्यामुळं बोलायला हरकत नव्हती. तिनं विचारलं, पुढं पडताळणीत विचारलं तर काय सांगायचं?

"खरं सांगायचं," तातेराव म्हणाले. "प्रकरण होतं, तडजोडीत मिटलं, हा निकाल. लपवू नको बेटा. असल्या किरकोळ गुन्ह्यापेक्षा लपवणंच जड जातं. राजनंदिनी मॅडम पण तुला हेच सांगतील."

तिनं मान हलवली. भारत दूर उभा होता. तो जवळ आला नाही, पण जाताना त्यानं तातेरावांना हात जोडले.

त्या वर्षी साक्षीची निवड झाली नाही. लेखी परीक्षेत थोडे गुण कमी पडले, त्याचा या प्रकरणाशी काही संबंध नव्हता. पुढच्या भरतीत दुसऱ्या जिल्ह्यात तिचं नाव लागलं. पडताळणीच्या वेळी तिनं सगळं लिहून दिलं, चौकशी झाली, महिनाभर जीव टांगणीला लागला आणि मग नेमणुकीचं पत्र आलं. प्रितम जालन्यात बियाण्याच्या कंपनीत कामाला लागला. गावात राहिला असता तर दोस्तांनी त्याला सुखानं राहू दिलं नसतं, असं माऊली म्हणायचा. लोकअदालतीतल्या त्या चार वाक्यांबद्दल प्रितमला बरंच ऐकून घ्यावं लागलं होतं.

दोन्ही दुकानं अजून शेजारीच आहेत. दुपारचा डबा मात्र दोघं आपापल्या दुकानात खातात. एकदा माऊलीच्या ट्रॉलीचा हूक तुटला. त्यानं स्वतः न जाता गड्याला पाठवलं. भारतनं ट्रॉली कुणाची हे विचारलं नाही, त्याला ती पाठ होती. जोड घातला, वरून एक पट्टी जास्तीची लावली, कारण माऊली नेहमी जास्त माल भरतो हे त्याला माहीत होतं. गिऱ्हाईक पुन्हा येऊ लागलं, पण सगळं नाही. काही माणसं अजून दुसऱ्या गावाला जाऊन नांगर दुरुस्त करून आणतात.

तातेराव पुन्हा लिहू लागले, पण रोज नाही. आणि मीनाबाईंनी वाचल्याशिवाय काही पाठवत नाहीत. त्या एकदा म्हणाल्या, की आता तुमच्या लिहिण्यात खोडण्यासारखं काही सापडत नाही, हे काही बरं लक्षण नाही. ते हसले.

मागच्या महिन्यात वकिलांच्या खोलीत राजनंदिनीनं सहज त्या प्रकरणाचा विषय काढला. तिला तेव्हापासून एक गोष्ट टोचत होती. "सर, सगळं नीट झालं हे खरं. पण त्या दिवशी चूक नेमकी कुणाची होती, हे शेवटपर्यंत ठरलंच नाही. त्या पोरानं जे स्टेटस ठेवलं, त्याचं कुणी काही विचारलंच नाही. माऊली पडले की त्यांना पाडलं, तेही नाही. कोर्टाचं काम ते ठरवायचं ना?"

तातेराव बाहेर बघत होते. तरुणपणी त्यांनी तिच्यापेक्षाही कडक शब्दांत हे म्हटलं असतं. अजूनही ते त्यांना अर्धं पटत होतं. ठरवायचं राहून गेलेलं असं किती काय आपल्या गावांत साचलं असेल, आणि ते एक दिवस कुठून वर येईल, हे त्यांना खरोखरच सांगता आलं नसतं. आणि ठरवलं असतं, एकाला दोषी धरलं असतं, तर त्या दोन दुकानांपैकी एक आज तिथं असतं का, हेही त्यांना सांगता येत नव्हतं.

"नाही ठरलं," ते म्हणाले. "आणि तू म्हणतेस ते चूक नाही."

तिला वाटलं, ते आणखी काही बोलतील. पण आतून शिपायानं तिच्या प्रकरणाचा पुकारा केला. तिनं घाईघाईनं गळ्यातला पांढरा बँड सारखा केला, फाईल उचलली आणि आत गेली. तातेरावही तिच्यामागं जाऊन शेवटच्या बाकावर बसले. त्यांचं त्या दिवशी काही काम उरलं नव्हतं. ती उलटतपास कसा घेते, ते त्यांना बघायचं होतं.